देवाच्या बाजूने दिसलेले हात

अण्णांचे हात मी देवाच्या बाजूने पाहिले. देवळात येणाऱ्यांना दिसायची ती त्यांची पाठ, पाठीवरचं जानवं आणि मानेवरून उतरलेला गंधाचा एक वाळका ओघळ. नैवेद्याच्या वेळी तर तेवढंही दिसायचं नाही, कारण तेव्हा गाभाऱ्याचा पडदा ओढलेला असे. मला मात्र सगळं समोरून दिसायचं, देवाच्या खांद्यावरून. हे मी काही मोठेपणाने सांगत नाही. मला ते बघायला बंदी होती आणि मी रोज चोरून बघायचे, एवढीच त्यातली खरी गोष्ट.

मुलुंडला, पूर्वेकडे, जिथून पुढे मिठागरं सुरू व्हायची तिथे आमचं लक्ष्मीनारायणाचं देऊळ. देऊळ म्हणजे फार काही नाही, पंचवीस-तीस माणसं मावतील एवढा मंडप, एक घंटा आणि बाहेर पारिजातकाचं झाड. अण्णा तिथले पुजारी. गाभाऱ्याला पाठ लावून पुजाऱ्यासाठी दोन खोल्या बांधलेल्या होत्या, त्यांत आम्ही तिघं राहायचो, अण्णा, आई आणि मी. आमचं स्वयंपाकघर आणि गाभारा यांच्यामध्ये एकच भिंत होती आणि त्या भिंतीत, मूर्तीच्या मागे जरा बाजूला, दीड वीत चौकोनाचा एक झरोका. नैवेद्याचं ताट आई त्यातून आत सरकवायची. पितळेचं ताट कडाप्प्याच्या फळीवरून सरकताना खर्र असा आवाज व्हायचा. अजूनही कुठे तसा आवाज आला की मला भूक लागते. ताटात वरणभात, त्यावर तूप, लिंबाची फोड, एक ओली भाजी, एक सुकी, कधी आळूचं फदफदं, फणसाच्या दिवसांत कुयरीची भाजी. देवाला दाखवण्याआधी चव बघायची नाही, त्यामुळे आई मिठाचा अंदाज वासावर करायची. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तो बरोबर यायचा. उरलेल्या वेळी अण्णा पहिला घास खाऊन म्हणायचे, "आज नारायणाला सागराची आठवण आली असेल." आई म्हणायची, "नारायण काही बोलला नाही, तुम्हीच तेवढे बोलता."

ताट आत गेलं की मी पाठ फिरवायची, असा नियम होता. देव जेवत असताना बघायचं नसतं. आई पाठ फिरवून चुलीकडे वळायची. स्टोव्ह कधीच आला होता, पण आई त्याला चूलच म्हणायची. मी मात्र फळीला हनुवटी टेकवून उभी राहायचे. झरोक्यातून आधी नारायणाचा खांदा दिसायचा, काळाभोर, तेलाने चमकणारा, आणि त्याच्या पलीकडे अण्णा. ते पाणी फिरवायचे, तुळशीचं पान ठेवायचे आणि मग दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून चार टोकं खाली सोडायचे, गाईच्या सडांसारखी. ती धेनुमुद्रा. तिने अन्नाचं अमृत होतं. मग डावा हात ताटाशी अर्धवट उघडा धरायचा आणि उजव्या हाताने पाच घास द्यायचे, पाच प्राणांच्या नावाने. पहिल्याला करंगळी आणि अनामिका अंगठ्याला लावायची, दुसऱ्याला तर्जनी आणि मधलं बोट. तिसऱ्याला मधलं बोट आणि अनामिका, चौथ्याला करंगळी सोडून सगळी, पाचव्याला पाचही. आमच्या घराण्यात असं करत, दुसरीकडे वेगळं असेल. ही नावं मला पुढे त्यांनीच सांगितली. तेव्हा मला फक्त बोटं माहीत होती.

हाताच्या बाबतीत अण्णा भारी चोखंदळ. विळीला हात लावायचे नाहीत, भिंतीत खिळा ठोकायचा तर तो आईने ठोकायचा. पूजेला बसण्याआधी खोबरेल तेलाचा एक थेंब दोन्ही तळव्यांवर चोळायचे. दुसऱ्या कुठल्या देवळात एखादा भटजी घाईघाईने हातवारे करून मोकळा झालेला दिसला की घरी आल्यावर त्यांची बडबड सुरू व्हायची. "हात म्हणजे काय झाडू आहे? फिरवला आणि झालं?" आणि तरी त्यांचे स्वतःचे हात कुणाला दिसू नयेत अशी त्यांची काळजी असे. मुद्रा उघड्यावर करायच्या नसतात, पडद्याआड, नाहीतर उपरण्याखाली करायच्या, असं त्यांना त्यांच्या वडिलांनी बजावलं होतं. एवढं सुंदर काम आणि बघायला कोणी नाही, याचं मला लहानपणी फार वाईट वाटायचं. म्हणून मी बघायचे, असं मी स्वतःला सांगायचे.

बघता बघता ते माझ्या हातात उतरलं. पण एक गंमत झाली. अण्णा समोर, मी त्यांच्याकडे तोंड करून, त्यामुळे त्यांचा उजवा हात मला माझ्या डाव्या बाजूला दिसायचा. मी आपली डाव्या हाताने त्यांच्याबरोबर पाच घास देत राहिले. मी लिहायचे उजव्याने, जेवायचे उजव्याने, लगोरीसुद्धा उजव्याने फोडायचे. फक्त हे एवढं डाव्याने. आईने एकदा पकडलं. डाव्या हातावर पळी बसली. "डाव्या हाताने देवाला भरवतेस? आणि बघतेस वर? पाठ फिरव आधी!" मी पाठ फिरवली, पण ती तेवढ्यापुरती.

मी आठवीत असतानाची गोष्ट. थंडीचे दिवस होते, माझी दुपारची शाळा. वेणी घालून, गणवेश घालून मी झरोक्याशी उभी होते. आईने ताट सरकवलं आणि ती परसात धुणं वाळत घालायला गेली. पडदा ओढल्याचा आवाज आला. अण्णांनी पाणी फिरवलं, धेनुमुद्रा केली, पहिला घास दिला, दुसरा दिला. तिसऱ्याला त्यांची बोटं आलीच नाहीत. ते हाताकडे बघत राहिले. चेहऱ्यावर दुखल्याचं काही नव्हतं, नवलच होतं नुसतं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, मग आणखी एकदा. नंतर डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि मांडीवर ठेवला, दुसऱ्या कुणाची वस्तू ठेवावी तसा. तोंडाची एक बाजू जरा खाली आली होती. ते काही बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही.

मी ओरडायला हवं होतं. पण देव जेवत होता आणि मी बघत असायला नको होते. ओरडले असते तर बघत होते हे कळलं असतं. तेरा वर्षांच्या डोक्यात एवढाच हिशेब होता आणि तो मला तेव्हा फार मोठा वाटला. बाहेर मंडपात कोणीतरी म्हणालं, "आज देव निवांत जेवतोय." दोघं-तिघं हसले. किती वेळ गेला कोण जाणे. मग अण्णा एका अंगावर कलले, तांब्या पडून घरंगळला आणि त्या आवाजाने आई धावत आली. पुढे कितीतरी वर्षांनी टीव्हीवर एक डॉक्टर सांगत होते की अशा झटक्यात मिनिट अन् मिनिट मोलाचं असतं. मी उठून टीव्ही बंद केला. मुलगा म्हणाला, "आई, काय झालं गं?" मी म्हटलं, काही नाही.

अण्णा वाचले. जीभ महिनाभरात सुधारली, पाय जरा ओढत का होईना चालायला लागला. उजवा हात मात्र लोंबतच राहिला. देवळात डोंबिवलीहून एक तरुण भटजी यायला लागला. तो वाईट नव्हता, पण त्याला गाडी पकडायची घाई असे आणि त्याचा नैवेद्य ताटावरची वाफ बसायच्या आत आटपायचा. अण्णा आतल्या खोलीत पडल्या पडल्या घंटेवरून वेळ मोजायचे आणि म्हणायचे, "उपाशी ठेवलंन आज." देवळाचा कारभार कर्णिककाका बघायचे. माणूस भला, पण बोलायला रोखठोक. ते एक दिवस येऊन खुर्चीत बसले, चहा पिऊन झाला आणि मग म्हणाले, "गुरुजी, मी फिरवून बोलत नाही. या खोल्या पुजाऱ्याच्या आहेत. अक्षय्य तृतीयेपर्यंत मी कमिटीला थोपवून धरतो. त्या दिवशी नैवेद्य तुम्ही दाखवा. जमलं, तर देऊळ तुमचं, खोल्या तुमच्या. नाही जमलं, तर..." अण्णा म्हणाले, "नाही जमलं तर मलाच कळेल."

हाताच्या व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात जायचं होतं. आईला नैवेद्याचं सोडून निघता येत नसे, म्हणून शाळा बुडवून मी अण्णांबरोबर जायचे. तिथे गायकवाडताई होत्या. वय फार नसेल, आवाज खणखणीत, घाटकोपरहून यायच्या. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली बुद्धाचं चित्र होतं, एक हात मांडीवर, एक हात जमिनीला टेकलेला. पहिल्या दिवशी त्यांनी अण्णांचा हात हातात घेतला आणि अण्णा आक्रसले. घरी आल्यावर त्यांनी आंघोळ केली. आई शेजारणीला म्हणाली, दवाखान्याचं आहे ना, म्हणून. ते नुसतं दवाखान्याचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आज लिहितानाही त्याची लाज वाटते. गायकवाडताईंनाही ते कळत असणार. त्यांनी हात काही सोडला नाही.

दुसऱ्या आठवड्यात खांदा आणि कोपर झाल्यावर त्या म्हणाल्या, "चला काका, आता बोटं. एकेक बोट अंगठ्याला लावायचं. आधी करंगळी लावा बघू."

अण्णांनी डाव्या हाताने उजवा हात मागे ओढून घेतला. "हे मी करणार नाही."

"का? दुखतंय?"

"दुखत नाही. व्यायाम म्हणून करणार नाही."

"मग काय म्हणून करणार? काका, बोटं तुमची आहेत, मला काही नकोयत ती."

अण्णा भिंतीकडे बघत बसले. बाहेर पडताना ताईंनी मला बाजूला घेतलं. "तुझे बाबा एवढे हट्टी का आहेत गं?" मी घाबरत घाबरत सांगितलं की ती बोटं देवाला घास भरवायची आहेत आणि ती कुणाला दाखवायची नसतात. त्यांनी जरा विचार केला. "आमच्याकडे बघ, बुद्धाचे हात उघडेच असतात की. हातावरून तर कळतं तो काय सांगतोय. लपवायचं कशाला?" मग हसून म्हणाल्या, "बरं, मला नका दाखवू म्हणावं. देवाला तर दाखवा. पण करा म्हणावं, यार. बोटं अशीच ठेवली ना, तर वाट लागेल."

त्या दुपारी मी अण्णांसमोर जाऊन बसले. ते पलंगावर, मी खाली चटईवर. आई झोपली होती. मी डावा हात वर केला आणि पाच घास दिले. अण्णा बघत राहिले.

"कुणी शिकवलं?"

"झरोक्यातून बघितलं."

"कधी?"

"रोज बघते."

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. ते काय जुळवत होते ते मला कळलं आणि त्यांनी विचारायच्या आतच मी रडायला लागले. "त्या दिवशीपण बघत होते, अण्णा. तुमची बोटं आली नाहीत तेव्हा. मला कळलं होतं. मी ओरडले नाही. बघायचं नसतं म्हणून मी ओरडलेच नाही."

अण्णांनी डाव्या हाताने मला जवळ ओढलं. मग म्हणाले, "मी तरी कुठे ओरडलो, सुमे? मलाही कळलं होतं. पण दोनच घास झाले होते. देवाला अर्ध्या ताटावर ठेवून माणसांना हाका कशा मारायच्या? म्हटलं, पाच होऊ देत, मग बघू." असं दोघंही आपापल्या जागी, देव मध्ये ठेवून, गप्प बसलो होतो. एवढा वेडेपणा आमच्याच घरात होऊ शकत होता. त्यानंतर त्या मिनिटांचं ओझं गेलं असं मी म्हणणार नाही, पण ते उचलायला दुसरं माणूस मिळालं.

जरा वेळाने त्यांनीच विचारलं, "पण डावा का?"

"मला तुमचा हात या बाजूलाच दिसतो."

त्यांनी हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि झटक्यानंतर पहिल्यांदा ते मोठ्याने हसले, वाकड्या तोंडाने. "म्हणजे नारायणालाही तसाच दिसत असणार. एवढी वर्षं तो म्हणत असेल, हा कुठला डावखुरा भट आणून ठेवलाय!" आई जागी होऊन दारात आली होती. तिने काय ऐकलं, किती ऐकलं, देव जाणे. पळी काही घेतली नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही समोरासमोर बसायचो. मी डाव्या हाताने मुद्रा करायची आणि अण्णांनी माझ्या हाताकडे बघत उजव्याने करायची. स्वतःच्या हाताकडे बघितलं की त्यांची बोटं हट्ट करायची, माझ्या हाताकडे बघितलं की नकळत हलायची. आता मोठ्या दवाखान्यांत रुग्णापुढे आरसा ठेवून असे व्यायाम करून घेतात असं ऐकते. आमच्याकडे तेव्हा आरसा म्हणजे मी. अण्णा मंत्र म्हणत नसत, नुसती नावं सांगत, प्राण, अपान, व्यान, आणि मधूनच ओरडत, "अंगठा ताठ! अंगठा काय झोपला आहे?" ते मला ओरडत होते की स्वतःच्या अंगठ्याला, ते विचारायची सोय नव्हती. होळी झाली, पाडवा झाला. करंगळी आली. तिच्यामागून अनामिका आली.

पाडव्यानंतर एकदा दवाखान्यात गायकवाडताई अण्णांचा खांदा हलवत होत्या. अण्णा एकदम म्हणाले, "थांबा." उजवा हात पुढे केला आणि करंगळी, अनामिका, अंगठा हळूहळू एकत्र आणले. हात थरथरत होता, पण मुद्रा झाली. शेजारी पाच-सहा रुग्ण बसले होते, पंखा गरगरत होता आणि अण्णांनी ती तिथे, उघड्यावर केली.

"झकास!" ताई म्हणाल्या. "हेच तर मी सांगत होते."

"हे नव्हे. तुम्ही बोट लावा म्हणत होतात. हा घास आहे."

ताईंनी आपला तळवा त्यांच्या हाताखाली धरला. "मग द्या की."

अण्णा थांबले. ते काय विचार करत होते हे मला ठाऊक होतं. मग त्यांनी हात खाली नेला आणि ताईंच्या तळव्यावर बोटं सोडली. ताईंनी मूठ मिटली. त्या दिवशी घरी आल्यावर अण्णा हातपाय धुऊन सरळ जेवायला बसले.

अक्षय्य तृतीयेला आईने पहाटेपासून स्वयंपाक मांडला होता. आमरस, पुऱ्या, बटाट्याची भाजी, वरणभात, काकडीची कोशिंबीर. तिचा हात मिठावर तीनदा थबकला. मंडप भरला होता. बाकीची पूजा डोंबिवलीच्या भटजीने केली आणि नैवेद्याला अण्णा बसले. कर्णिककाकांनी स्वतः पडदा ओढला. मी झरोक्याशी होते. या वेळी आईने मला पाठ फिरवायला सांगितलं नाही, ती माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. धेनुमुद्रा जेमतेम झाली. पहिला घास झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला मधलं बोट आणि अनामिका अंगठ्यापासून अर्ध्या बोटावर येऊन थांबली. अण्णांनी पुन्हा जोर केला. कपाळावरून घाम निथळायला लागला.

ते सोडून चौथ्याकडे गेले असते तरी कोणाला कळणार नव्हतं. पडदा होता, मंत्र पुटपुटायचा होता, दोन खोल्या आणि देऊळ पडद्यापलीकडे वाट बघत होतं. मला वाटलं, जाऊ दे ना, अण्णा, करा पुढचं. आईचा हात माझ्या खांद्यात रुतत होता, तिलाही तेच वाटत असणार. अण्णांनी मान वर केली आणि नारायणाच्या खांद्यावरून सरळ माझ्याकडे पाहिलं. मी डावा हात झरोक्यातून मनगटापर्यंत आत घातला आणि मधलं बोट आणि अनामिका अंगठ्याला लावली. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "व्यानाय स्वाहा." त्यांचा हात तिथेच होता, आता ते प्रयत्न करत नव्हते. ते माझ्या हातासाठी म्हणाले. पुढचे दोन घास त्यांनी स्वतः दिले आणि डोळे मिटून बसले, देवाचं पोटभर होईपर्यंत.

आरती झाली, तीर्थ झालं, माणसं पांगली. कर्णिककाका खुशीत होते. "जमलं की, गुरुजी! आता कमिटीचं तोंड बंद."

"चार जमले. तिसरा सुमीने दिला."

"सुमीने? कुठून?"

"आतून, झरोक्यातून. डाव्या हाताने."

काकांनी इकडेतिकडे बघितलं, कोणी ऐकलं तर नाही ना. "गुरुजी, हे मला कशाला सांगता? पडद्याआडचं पडद्याआड राहू द्या ना."

"पडदा तुमच्या बाजूला असतो, कर्णिक. त्याच्या बाजूला नसतो."

"मग मी आता काय करू?"

"काही नको. जमलं तर, असं ठरलं होतं. जमलं नाही."

आई दोन दिवस अण्णांशी बोलली नाही. भांडी पोत्यात भरताना एकटीच पुटपुटत होती, "पाचातले चार म्हणजे पहिला वर्ग. याहून देवाला तरी काय हवं होतं?" मलाही अण्णांचा राग आला होता, आणि माझा तर आईपेक्षा जास्त. मी हात आत घातला तो खोल्या वाचाव्यात म्हणून आणि त्याच हाताने खोल्या गेल्या. त्यांचं बरोबर होतं हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली आणि कधी कधी, खरं सांगायचं तर, अजूनही वाटतं की नसतं सांगितलं तर काय बिघडलं असतं. निघताना त्यांनी त्या तरुण भटजीला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "वाफ बसेपर्यंत थांबत जा रे. त्याला गरम चालत नाही."

आम्ही नाहूरला एका खोलीत राहायला गेलो. अण्णा पत्रिका बघायचे, मुलांना स्तोत्रं शिकवायचे. देवळात पुजारी म्हणून ते पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. घरी फळीवर एक बाळकृष्ण होता. त्याला खाली पाटावर घ्यायचं, एका बाजूला अण्णांनी बसायचं, दुसऱ्या बाजूला मी. पहिले दोन घास त्यांचे, तिसरा माझा, पुढचे दोन त्यांचे. कॉलेजच्या आधी, पुढे नोकरीच्या आधी, लग्न होईपर्यंत रोज. त्यांची तिसरी मुद्रा पुढे सुधारली का, ते मला माहीत नाही. त्यांनी कधी करून बघितली नाही. लग्न होऊन मी मालाडला गेले. माहेरी आले की आई सांगायची, "दुसऱ्यानंतर हे थांबतात बघ. मी म्हटलं, अहो, आटपा. तर म्हणतात, सुमीचा होऊ दे." आणि इकडे ऑफिसात, साडेअकराच्या, म्हणजे अण्णांच्या नैवेद्याच्या सुमाराला, टेबलाखाली माझा डावा हात एकदा हलायचा. शेजारची बाई विचारायची, मुंग्या आल्या का. मी हो म्हणायचे.

परवा खूप वर्षांनी मुलुंडच्या त्या देवळात गेले. सगळीकडे टोलेजंग इमारती, देवळाला संगमरवर, पारिजातक नाही. झरोका बुजवला आहे आणि बरोबर त्या जागी, नारायणाच्या खांद्यामागे, कॅमेरा बसवला आहे. मंडपात मोठी स्क्रीन आहे. नैवेद्याला अजूनही पडदा ओढतात, पण स्क्रीन बंद करायचं कुणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे जे मी तेव्हा चोरून बघायचे ते आता सगळ्या मंडपाला उघड दिसतं, पुजाऱ्याचे हात, समोरून, देवाच्या बाजूने. बघत मात्र कोणी नव्हतं, जो तो आपापल्या फोनमध्ये. पुजारी पोरसवदा होता, पण वाफ बसेपर्यंत थांबला. अण्णांचं सांगणं एकाकडून दुसऱ्याकडे जात त्याच्यापर्यंत आलं असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. पहिला घास झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला माझा हात मांडीवरून आपोआप उठला.

शेजारी बसलेल्या बाईंनी हळूच माझ्या कोपराला हात लावला. "मावशी, डावा हात आहे तो."

मी म्हटलं, "असू दे. समोर बसलेल्याला उजवाच दिसतो."